गुरुजींच्या कोटातलं कॅनव्हास

कोटाचं बाहेरचं कापड सगळ्यांना दिसतं. आतलं अस्तर घालणाऱ्याला दिसतं. या दोन्हींच्या मध्ये आणखी एक कापड असतं, ते शिवणाऱ्याशिवाय कोणी पाहत नाही. कोटाची छाती उभी राहते ती त्याच्या जोरावर. आमच्या दुकानात त्याला नुसतं 'आतलं' म्हणत. माप घेऊन झालं की बाबा विचारायचे, आतलं कोणतं घालू? गिऱ्हाईक गोंधळून जायचं. आत काही असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसायचं.

बाबांनी हातात घेतलेल्या शेवटच्या कोटाबद्दल मला लिहायचं आहे. त्यात खरं कॅनव्हास घालीन असा शब्द त्यांनी एका माणसाला दिला होता. तो शब्द शेवटी पाळला गेला नाही, आणि तो माझ्यामुळे पाळला गेला नाही. मी चूक केली का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे असं काही विचारायला घरात कोणी नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

आमचं दुकान ढाणकीला, बाजाराच्या रस्त्यावर. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बाबा उमरखेडला एका उस्तादांच्या हाताखाली कोट शिकले होते. लग्नसराईत आसपासच्या बंजारा तांड्यांवरून नवरदेव यायचे, सोबत चार-पाच जण, आणि आपसात गोरबोलीत बाबांच्या हळूपणाची चेष्टा करायचे. बाबांना ती भाषा बरीच समजायची. ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि निघताना त्यांच्याच बोलीत एखादं उत्तर द्यायचे. मग सगळे हसायचे. पुढे रेडिमेड कोट आले, नांदेडहून भाड्यानेही मिळू लागले, आणि बाबांकडे वर्षाला आठ-दहा कोट उरले.

शाळेतून आल्यावर मी दुकानातच बसत असे. आधी तुरपाई शिकले, मग काज, आणि मग आतलं. पुरुषांची मापं मी कधी घेतली नाहीत, ती बाबाच घ्यायचे. पण कॅनव्हास निवडायला त्यांनी मला लवकर शिकवलं.

आतलं तीन प्रकारचं. बकरम सगळ्यात स्वस्त. खळीनं ताठ केलेलं ते कापड दोन पाण्यांत मऊ पडतं. फ्यूजिंगच्या एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असतात. गरम इस्त्री फिरवली की ते कापडाला चिकटतं आणि पाच मिनिटांत काम होतं. तिसरं खरं कॅनव्हास, सुती धाग्यात घोड्याच्या शेपटीचे केस विणलेलं. ते चिकटवत नाहीत, हातानं सैल टाक्यांनी बसवतात. एका कोटाला दोन-तीन दिवस जातात. पण ते हळूहळू माणसाच्या अंगाचा आकार घेतं, आणि दहा वर्षांनी कोट पहिल्या दिवसापेक्षा चांगला बसतो.

कॅनव्हास निवडताना बाबा आधी ते मुठीत चुरगाळायचे. मूठ उघडली की ते लगेच उलगडलं पाहिजे, पण उडी मारल्यासारखं नाही. मग गालाला लावून पाहायचे, केसांची टोकं किती टोचतात ते. कापड हलकं असेल तर कॅनव्हासही हलकं, नाहीतर कोट अंगावर पाट बांधल्यासारखा दिसतो. आणि निवडून झालं की कापण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचं, म्हणजे जे आखडायचं ते आधीच आखडून घेतं. हा नियम ते कधी मोडत नसत.

ज्यांचा कोट होता ते निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. ते आमच्या गावापासून जवळच्याच एका खेड्यात राहतात, तिथल्या बौद्ध वस्तीत. बाबा तिसरीत असताना गुरुजी त्यांना शिकवायला होते. नोकरीतली पहिली शाळा, त्यामुळे वयात फार अंतर नव्हतं. त्यांचा पहिला कोटही बाबांनीच शिवला होता, गर्द निळा. दरवर्षी एप्रिलातल्या जयंतीला ते तो घालायचे. भर उन्हात मिरवणुकीच्या पुढे चालायचे आणि वरचं बटणसुद्धा काढायचे नाहीत. वीसेक वर्षं तो कोट टिकला. मग एका पावसाळ्यात उंदरांनी तो पेटीतच, नेमका छातीपाशी कुरतडला.

दिवाळीनंतर ते नवं कापड घेऊन आले, तसंच निळं. बाबांनी माप घेतलं आणि कमरेपाशी आल्यावर टेप थोडा थांबवला. गुरुजी म्हणाले, "छाती तेवढीच हाय रे, पोट तेवढं पेन्शनचं." बाबा हसले. आतलं कोणतं, हे या वेळी गुरुजींनीच विचारलं. खरं कॅनव्हास आता मिळत नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं.

बाबा म्हणाले, "तुमच्या कोटात फ्यूजिंग नाही लावत मी. कॅनव्हासच घालीन. जयंतीच्या आधी हातात देतो."

हाच तो शब्द.

जानेवारीत बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते खाटेवरून दुकानाकडे बघत पडून असायचे. हातातली कापडं आम्ही एकेक करून परत केली. लोकांनी वाईट वाटून घेतलं आणि कापड घेऊन गेले. गुरुजींचं निळं कापड उचलायला गेले तेव्हा बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"हा शिवाचा हाय," ते म्हणाले. "तू शिवशीन. मी सांगतो."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रोज एसटीनं उमरखेडला जात होते. कॉलेज सुटलं की कापडाच्या दुकानांतून कॅनव्हास शोधू लागले. एका दुकानदारानं तर मला समोर बसवून समजावलं, "बाई, घोड्याचे केस कोन ठेवते आता? वरातीले घोडा भेटून नाही राह्यला." बाबांच्या ओळखीच्या नांदेडच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, मागवून पाहतो, पण कधी येईल ते सांगता येत नाही. शेवटी मोबाईलवरून मागवलं. आठ दिवसांनी पार्सल आलं. उघडलं तर आत पांढऱ्या रंगाचा लेप दिलेलं, चित्रं काढायचं कॅनव्हास. मी ते बाबांपुढे धरलं. त्यांनी नखानं खरवडून पाहिलं आणि आजारानंतर पहिल्यांदा हसले. तोंड एकाच बाजूनं हलत होतं, पण ते हसणंच होतं.

मग मी भीत भीत उमरखेडहून आणलेलं फ्यूजिंग दाखवलं. त्यातल्या त्यात चांगलं निवडलं होतं, विणीचं. त्यांनी डाव्या हातात चुरगाळलं, सोडलं, आणि माझ्या मांडीवर टाकलं. "पापड हाय हा," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आईला पेटी उघडायला लावली.

पेटीत त्यांचा स्वतःचा कोट होता. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी एकच शिवला, आपल्या लग्नात घालायला, उस्तादांच्या नजरेखाली. कॅनव्हासही उस्तादांनीच दिलं होतं. लग्नात घातला, पुढे दहा-बारा वर्षं नातेवाइकांच्या लग्नांत घातला, मग तो आईच्या ताब्यात गेला. दर दिवाळीला आई तो काढायची, ऊन दाखवायची, खिशात कडुलिंबाचा पाला बदलायची. बाबा तेव्हा चांगले भरदार होते. कोट खिळ्याला टांगला की रिकामा असूनही छातीपाशी किंचित फुगलेला दिसायचा, खांदे थोडे पुढे. बाबा मशीनवर बसताना असेच वाकत.

"हा उसव," बाबा मला म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. ती तूर निवडत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत.

"उसवा मंग," ती म्हणाली. "तुमचाच व्हय."

अस्तराची शिवण मी ब्लेडनं सोडवली. आतलं कॅनव्हास पिवळट पडलं होतं, पण एकही केस तुटला नव्हता. ते बाहेर काढून खाटेवर ठेवलं तर ते सपाट पडलं नाही. छातीच्या जागी उंचवटा तसाच होता, उजव्या खांद्यापाशी थोडा उतार होता. बाबांचा उजवा खांदा लहान वयापासून कात्री चालवून खाली आलेला. मी ते तसंच, आकारासकट, कापायला घेतलं. मला वाटलं एवढं सुंदर बसलेलं आहे ते मोडायचं कशाला. भिजवायचा नियम नव्या कॅनव्हाससाठी असतो, हे तीस वर्षांचं जुनं, ते आता आणखी काय आखडणार.

बाबांनी नाही अशी मान हलवली. बादलीकडे बोट दाखवलं.

मी विचारलं, कशाला? त्यांनी शब्द जुळवायला वेळ घेतला.

"गुरुजीच्या अंगावर बसवाचं हाय," ते म्हणाले. "माही छाती निंगून जाऊ दे त्याच्यातून."

संध्याकाळी मी ते पाण्यात टाकलं. सकाळी काढलं तेव्हा ते ओल्या गोणपाटासारखं सपाट झालं होतं. अंगणात सावलीला दोरीवर टाकलं. आई त्या बाजूला दिवसभर फिरकली नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी मला आणखी एक सांगितलं. हे गुरुजींना कळू द्यायचं नाही. नवा कोट सांगितला आणि जुनं घातलं असं त्यांना वाटेल, आपण कमी केलं असं वाटेल. मी हो म्हटलं. तेव्हा त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. उलट वाटलं की माझे बाबा किती मोठ्या मनाचे.

महिनाभर आम्ही तो कोट शिवला. कॉलेजातून आल्यावर मी खाटेजवळ बसायचे आणि बाबा डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचे. छातीचा तुकडा उरेब, धाग्याला तिरका कापायचा, म्हणजे तो अंगाबरोबर वळतो. केसांची टोकं टोचू नयेत म्हणून वर फ्लॅनेलचा तुकडा. कॉलरखालची उलटी घडी बोटावर वळवून धरायची आणि वळलेल्या स्थितीतच बारीक तिरके टाके घालायचे. टाका बाहेरच्या कापडाचा एकच धागा उचलेल इतका उथळ. माझा टाका खोल गेला की ते फक्त डोळे मिटायचे. मी उसवायचे. डावी बाजू आठ दिवसांत झाली. उजवी अर्ध्यावर होती तेव्हा, मार्चच्या सुरुवातीला, त्यांना दुसरा झटका आला. या वेळी यवतमाळपर्यंत पोचलोच नाही.

बाबांचे दिवस झाल्यावर गुरुजी भेटायला आले. ओसरीवर बसून राहिले. जाताना मला म्हणाले, कोटाचं मनावर घेऊ नको, पुढच्या वर्षी दिला तरी चालेल. मी म्हटलं, होईल गुरुजी. बाबांनी तारीख दिली होती, ती मला पाळायची होती. तेव्हा माझ्यापुढे तेवढंच काम होतं. उजवी बाजू मी एकटीनं पूर्ण केली. कोट कच्च्या टाक्यांवर उभा राहिला, बाह्या नुसत्या टाचलेल्या.

मार्चअखेर कॉलेजात एक तास होता. जुन्या काळी काही समाजांवर काय काय लादलं गेलं होतं, हे मॅडम सांगत होत्या. गावाबाहेर राहायचं, फुटक्या भांड्यात खायचं. आणि कपडे मेलेल्या माणसाच्या अंगावरून उतरलेले घालायचे. मॅडमनी ते एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेल्या. माझ्या शेजारची मुलगी गुरुजींच्याच वस्तीतली होती. तिनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं, मान वर न करता, इतर वाक्यांसारखंच. मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही.

एसटीत बसले तरी तेच. आम्ही त्या समाजातले नाही. बाबांना हे सुचलंच नसणार, याची मला खात्री होती. आमच्यासारख्यांना ते सुचावं लागत नाही. त्यांनी जिवंतपणी, स्वतःच्या हातानं, जवळचं सगळ्यात चांगलं काढून दिलं होतं. पण आता ते नव्हते. आणि गुरुजी जयंतीच्या दिवशी, त्या मिरवणुकीत, जो कोट घालून सगळ्यांच्या पुढे चालणार होते, त्याच्या आत एका मेलेल्या माणसाच्या कोटातलं कापड होतं. त्यांना न सांगता घातलेलं.

आठवडाभर मी कोटाला हात लावला नाही. शेवटी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिला आधी मी काय म्हणते ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती रागावली.

"जिता असताना देलं त्याईनं. मेल्याचं कसं झालं थे?"

मी म्हटलं, मला माहीत आहे. पण गुरुजींना माहीत नाही.

"तुह्या बापानं सांगू नोको म्हटलं ना?"

म्हटलं होतं. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, कॉलेजात हेच शिकवतात का, बापाचा शब्द मोडायला. नंतर तिला स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण जेवताना तिनं माझ्या ताटात न मागता तुपाची धार सोडली. पण गुरुजींकडे जा असंही ती म्हणाली नाही.

जयंतीला आठ-नऊ दिवस होते. ट्रायलचं निमित्त करून मी कोट पिशवीत घातला आणि गुरुजींच्या घरी गेले. ते पडवीत पेपर वाचत होते. त्यांच्या पत्नी चहा आणून ठेवून आत गेल्या. गुरुजींनी कोट घालून पाहिला. बाह्या टाचलेल्या होत्या तरी तो बसला होता. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, वर केले, छातीवरून तळहात फिरवला. त्यांचा चेहरा उजळला. तेव्हाच बोलले नाही तर कधीच बोलणार नाही असं वाटलं, आणि मी सांगून टाकलं. सगळं. पेटी, बादली, बाबांनी नको म्हटलेलं, आणि कॉलेजातला तो तास.

गुरुजींनी कोट काढला. घाई केली नाही. नीट घडी घालून दोघांच्या मध्ये बाजेवर ठेवला.

मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांची एक गोष्ट सांगितली. गुरुजी मॅट्रिक झाले तेव्हा गावच्या एका बड्या माणसानं खूश होऊन आपला एक जुना कोट त्यांना पाठवला. चांगला होता, गरम. गुरुजींना तो फार आवडला. वडिलांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि नेऊन शेतातल्या बुजगावण्याला घातला. हंगामभर त्या गरम कोटातलं बुजगावणं रस्त्यावरून जाता-येता सगळ्या गावाला दिसत होतं. "पाखरं मात्र भेत नव्हती," गुरुजी म्हणाले. "एवढा भारी कोट पाहून दोन-चार जास्तच येत असतीन."

मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

मग म्हणाले, "तुह्या बाबानं माह्यासाठी सोताचा कोट उसवला. मले समजते थे. इतकं कोनी कोनासाठी करत नाही."

मी मान हलवली.

"पन मी हा घालू नाही शकत, बेटा."

मी पुन्हा मान हलवली. चहा तसाच होता, त्यावर साय आली होती. त्यांनी विचारलं, "तू सांगतलं नसतं तं मी खुशीनं घातला असता. घातला असता ना?"

"हो."

"मंग काहून सांगतलं?"

तुम्हाला न सांगता घालायला लावायचं तर मग ते पूर्वीसारखंच झालं, असं काहीतरी मनात होतं, पण त्यांच्यासमोर ते बोलणं लहान तोंडी मोठा घास वाटलं. त्यांनीही फार वाट पाहिली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कपातली साय काढून चहा माझ्याकडे सरकवला. मी तो प्यायले. बसस्टॉपपर्यंत ते सोबत आले, पिशवी त्यांच्याच हातात होती.

घरी येऊन मी कोट उसवायला बसले. डाव्या बाजूचे टाके आधी काढले. ते बाबांच्या देखरेखीखाली घातलेले होते आणि इतके उथळ की शोधावे लागत होते. उजव्या बाजूचे सहज सापडले. कॅनव्हास मोकळं झालं. आता ते गुरुजींच्या मापानं कापलेलं होतं, बाबांच्या कोटात परत पुरं पडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उमरखेडहून फ्यूजिंग आणलं, बाबांनी पापड म्हटलं होतं तेच. नांदेडचं काही आलं नव्हतं आणि वाट बघायला वेळ नव्हता. इस्त्री गरम केली, वर ओलं फडकं ठेवलं आणि दाबलं. दोन्ही बाजू मिळून अर्धा तास लागला नाही. ज्या कामाला आम्ही महिना घातला होता ते इतक्या पटकन झालं की मी इस्त्री बंद केल्यावरही तिथेच उभी होते.

जयंतीच्या तीन दिवस आधी गुरुजी दुकानात आले. कोट घातला, आरशात पाहिलं. आत काय आहे ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फ्यूजिंग, नवं. किती टिकेल म्हणाले. मी खरं सांगितलं, पाच-सहा वर्षं, मग छातीवर फुगे येतात आणि ते काढता येत नाहीत.

"पुरते मले," गुरुजी म्हणाले.

बटणं लावता लावता ते खाटेच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मग म्हणाले, "थो असता तं त्यानं हा कोट दुकानाच्या भायेर जाऊ देला नसता."

"नाही," मी म्हटलं.

ते गेल्यावर आईनं बाबांचा कोट पेटीतून काढून माझ्यापुढे ठेवला आणि काढलेलं ते कॅनव्हास आत घालून अस्तर शिवून दे म्हणाली. ते कमी पडतं हे तिलाही दिसत होतं. मी घातलं. कोट खिळ्याला टांगला तर पुढून खाली लोंबला, कुणाच्याही कोटासारखा. आईनं तो लगेच काढून पेटीत ठेवला. पाला घातला नाही.

जयंतीची मिरवणूक आमच्या रस्त्यावरून जाते. आजूबाजूच्या खेड्यांतले लोकही त्यात असतात. त्या दिवशी मी दुकान अर्धं उघडून आत बसले होते. ढोल जवळ आले तशी आई दारात येऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. पांढऱ्या साड्यांतल्या बाया आणि पोरं मागे, सगळ्यांच्या पुढे गुरुजी. निळा कोट, वरचं बटणसुद्धा लावलेलं, कपाळावर घाम. ते हात उंचावून घोषणा देत होते. आमच्या दारासमोर आले तेव्हा त्यांनी वळून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. आईनंही जोडले.

ते पुढे गेल्यावरही आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिनं आयुष्यात कधी सुई धरली नाही, पण तीस वर्षं ती कोट बघत होती.

"छाती बरोबर बसली नाही," ती म्हणाली. "हात वर केला का डाव्या अंगानं उठते."

मी म्हटलं, हो. त्यांनी दुकानात घातला तेव्हाच मला ते दिसलं होतं.